लेक्चर बेसिसवर आलेल्या शिक्षकाचा पहिला पंधरवडा

गोव्यातली कॉलेजं पावसाबरोबर उघडतात आणि नव्या शिक्षकांचं उद्बोधन बहुतेक ठिकाणी त्याच सुमाराला उरकलं जातं. प्राचार्यांचं स्वागताचं भाषण, संस्थेचा इतिहास, ग्रंथालयाची फेरी, चहापाणी. कायम नेमणुकीचे शिक्षक तिथे असतात, वर्षभराच्या कंत्राटावरचेही असतात. लेक्चर बेसिसवरचे, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळणारे, बहुधा नसतात, कारण त्यांची नेमणूकच तोवर झालेली नसते. प्रवेश पूर्ण व्हायचे, तुकड्या ठरायच्या, कोणी कुठला मायनर (दुय्यम विषय) घेतला ते कळायचं, मग विभागप्रमुख वर्कलोड मांडणार, उरलेल्या तासांचा हिशेब निघणार, त्यापुढे जाहिरात, मुलाखत, मंजुरी. एवढ्यात जुलै सरतो, कधी चतुर्थी तोंडावर येते. मग एका संध्याकाळी फोन येतो की उद्यापासून या. दुसऱ्या दिवशी समोर भरलेला वर्ग असतो आणि हातात अभ्यासक्रमाची झेरॉक्स.

वर्गातल्या मुलांना नेमणुकीचा प्रकार दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने आलेले ते सर, आलेल्या त्या मॅडम. त्या विषयाची त्यांची सगळी भिस्त त्या एका माणसावर. म्हणून उद्बोधन हा शिक्षकाच्या हुद्द्याबरोबर येणारा मान समजू नये, तो वर्गाचा हक्क समजावा असं मला मनापासून वाटतं. उशिरा आलेल्याला त्याची गरज उलट जास्त असते, कारण चुकून सावरायला त्याच्याकडे आठवडे उरलेले नसतात.

यासाठी देशपातळीवर व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांमध्ये अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि २०२३पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं म्हणून ओळखली जातात. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठातही असं केंद्र आहे. असिस्टंट प्रोफेसरला पहिल्या बढतीसाठी यूजीसीच्या २०१८च्या नियमांनी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग घातलेला आहे, आणि नव्या शिक्षकांसाठीचा फॅकल्टी इंडक्शन प्रोग्राम साधारण महिनाभर चालतो. पण ही सगळी रचना बढतीच्या शिडीला बांधलेली आहे. ज्याची नेमणूक सत्राबरोबर संपणार आहे आणि जो सकाळी साखळीला, दुपारी खांडोळ्याला शिकवतो, तो महिनाभर वर्ग सोडून जाईल कसा? त्याचं उद्बोधन विभागातच व्हायला हवं. विभागप्रमुखांचे दोन तास आणि नीट लावलेली एक फाइल एवढ्यात ते होतं. पहिल्या लेक्चरच्या आदल्या दिवशी झालं तर उत्तम, नाहीतर पहिल्या आठवड्यात तरी.

फाइलमध्ये पहिला कागद अभ्यासक्रमाचा, आणि सगळ्यात मोठा घोळही तिथेच होतो. गोव्यात पदवीचे वर्ग जून २०२३पासून नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यावर आले. पुढची दोन वर्षं एकाच इमारतीत खालचे वर्ग नव्या रचनेत आणि वरचे जुन्या सीबीसीएसमध्ये (निवडीवर आधारलेल्या क्रेडिट पद्धतीत) असे चालत होते. त्या काळातल्या दोन्ही प्रती अजून कपाटात आणि व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. पेपरचं नाव तेच, युनिटं वेगळी. म्हणून नावावर जाऊ नये, कोर्स कोड आणि लागू झाल्याचं वर्ष ताडून घ्यावं. अभ्यास मंडळाने मधे दुरुस्ती केली असेल तर तिचीही प्रत मागावी. तीन आठवडे चुकीचं युनिट शिकवून झाल्यावर हे उघडकीला आलं तर ते तास परत मिळत नाहीत.

त्याच कागदावर पेपर कुठल्या प्रकारात मोडतो ते लिहिलेलं असतं: मेजर (मुख्य विषय), मायनर, एमडीसी (दुसऱ्या विद्याशाखेतला पेपर), एईसी (भाषाक्षमतेचा), एसईसी (कौशल्याचा), व्हीएसी (मूल्यवर्धनाचा). ही आद्याक्षरं पाठ करून भागत नाही, प्रत्येकामागे वेगळा वर्ग बसलेला असतो. एमडीसीचंच पाहा. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे हे तीन-तीन क्रेडिटचे तीन पेपर, आणि बारावीपर्यंत शिकलेला विषय विद्यार्थ्याने इथे पुन्हा घ्यायचा नसतो. म्हणजे तुमच्या विषयाची पूर्वतयारी नसलेलीच मुलं तुमच्यासमोर यावीत, ही त्या पेपरची योजना आहे. कॉमर्सची, सायन्सची आणि आर्ट्सची मुलं एकाच बाकावर येतात. मेजरच्या वर्गासाठी केलेल्या नोट्स इथे उघडल्या की पहिल्या दहा मिनिटांत वर्ग हातचा जातो, आणि शिक्षकाला वाटतं मुलांना रस नाही. रस असतो. दुसऱ्या वाक्यात आलेली संज्ञा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेली असते, इतकंच. मायनरच्या वर्गात थोडी तयारी असते पण वेळापत्रक अडचणीचं असतं, कारण तिथली मुलं वेगवेगळ्या मेजरांमधून येतात आणि जादा तास लावायला सगळ्यांना जमेल अशी वेळ सापडत नाही.

क्रेडिटचा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर करावा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. चार क्रेडिटच्या थिअरी पेपरला ६० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. चौथ्या आठवड्यात रुजू झालात तर आधीचे तीन आठवडे, म्हणजे बारा तास गेले, उरले ४८. चतुर्थीची सुट्टी कॅलेंडरमध्ये आधीच धरलेली असते, पण तिच्या आदल्या दोन दिवसांची रिकामी बाकं धरलेली नसतात. आयएसएचे (सत्र चालू असताना होणाऱ्या अंतर्गत परीक्षांचे) दिवस, क्रीडादिन, एनएसएसचं शिबिर, अतिवृष्टीची अचानक सुट्टी हे सगळं वजा केलं तर ४० ते ४२ तास हाती लागतील असं धरून चालावं. त्यातले चार तपासलेल्या उत्तरपत्रिका परत देण्यासाठी आणि उजळणीसाठी बाजूला काढावेत. मग उरलेल्या तासांत चारही युनिटांना न्याय कसा द्यायचा ते विभागप्रमुखांशी बसून ठरवावं. नवा शिक्षक साधारणपणे पहिलं युनिट यथासांग शिकवतो आणि चौथं शेवटच्या तीन दिवसांत वाचून दाखवतो. प्रश्नपत्रिका मात्र चारही युनिटांवर येते. कुठल्या युनिटातला कुठला भाग मुलांनी घरी वाचायचा, कुठला वर्गातच व्हायला हवा, हा निर्णय विषय जाणणाऱ्याने सुरुवातीलाच घेतला तर ऑक्टोबरात धावपळ होत नाही. घरी वाचायला देताना उच्च शिक्षण संचालनालयाच्या दिष्टावो प्रकल्पातलं साहित्य बघावं. गोव्याच्या पदवी अभ्यासक्रमाला धरून इथल्याच शिक्षकांनी तयार केलेली व्याख्यानं त्यात आहेत.

जादा तास घ्यायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. कॉलेजवर विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. मंजूर तासांपेक्षा जास्तीचं बिल लेखा विभागात अडकतं आणि तिथला कारकून इच्छा असली तरी ते पुढे ढकलू शकत नाही, म्हणून सांगतो.

पहिल्या तासाबद्दल थोडं सविस्तर. हा तास ओळखपाळखीत घालवायची पद्धत आहे, पण उशिरा आलेल्या शिक्षकाला ती परवडत नाही. पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर पेपरचं नाव, कोड, आपलं नाव आणि ईमेल लिहावं. मोबाइल नंबर देण्याची घाई करू नये, वर्गप्रतिनिधीकडे दिला तरी पुरतो. पुढची दहा मिनिटं गुण कसे मिळतात यावर: आयएसए कधी, कशाच्या स्वरूपात, एसईएची (सत्रअखेरच्या परीक्षेची) प्रश्नपत्रिका कशी असते. मुलं हे मान वर करून ऐकतात. मग प्रत्येकाला अर्धं पान द्यावं आणि तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात: या विषयाचं याआधी काय शिकलात, कुठल्या भाषेत वाचायला सोपं जातं, शिक्षकाला माहीत असायला हवी अशी काही अडचण आहे का. यात दहा मिनिटं जातात. उरलेल्या वेळात पहिल्या युनिटातली एक छोटी संकल्पना खरोखर शिकवावी आणि शेवटच्या पाच मिनिटांत मुलांकडून तिच्यावर एक वाक्य लिहून घ्यावं. ती पानं घरी वाचायला अर्धा तास पुरतो. कोणाला कमी ऐकू येतं, कोण पहाटे दुकानात काम करून येतं, कोण काणकोणहून बस बदलून येतं, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. एरवी ते सत्र संपेपर्यंत कळत नाही.

नव्यांच्या तयारीत एक दोष हटकून दिसतो: एका तासासाठी चाळीस स्लाइड. बारा पुष्कळ झाल्या. आणि पावसाळ्यात वीज जाते, प्रोजेक्टरची केबल सापडत नाही, तेव्हा त्या तासाला फळ्यावर काय-काय लिहायचं याचं एक पान खिशात असावं. ज्याच्याकडे ते पान असतं त्याचा वर्ग अंधारातही चालतो.

शेवटच्या तासाला शिकवायला लागलं तर कदंबच्या (सरकारी बसच्या) वेळा माहीत करून घ्या. गावाकडची बस चुकली की पुढचीला तासभर थांबावं लागतं, म्हणून मुलं दहा मिनिटं आधी चुळबुळायला लागतात. त्यात बेअदबी नाही. अशा वर्गात हजेरी सुरुवातीला घ्यावी, अवघड भाग पहिल्या अर्ध्या तासात संपवावा आणि शेवटी उदाहरणं सोडवावीत. हजेरी त्याच दिवशी नोंदवावी. पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब सत्राच्या शेवटी निघतो तेव्हा भाजक, म्हणजे झालेले एकूण तास, किती धरायचा हा प्रश्न उशिरा आलेल्याच्या पेपरला नेहमी येतो. तुमच्या आधीच्या आठवड्यांत तास झाले होते का, कोणी घेतले, त्याची हजेरी कुठे आहे, हे विभागप्रमुखांकडून रुजू होतानाच लिहून घ्यावं.

आता भाषा. ही बाब बाहेरच्या कुठल्याही उद्बोधन वर्गात इथल्यासारखी सांगितली जाणार नाही. पेडणे, डिचोली, सत्तरीतली अनेक मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात आणि पाचवीपासून इंग्रजीत गेलेली असतात. सासष्टीतल्या मुलाच्या घरी कोंकणी असते, पण त्याने ती देवनागरीत वाचलेली असेलच असं नाही. वास्कोच्या वर्गात कन्नड आणि हिंदी घरच्या भाषा असलेली मुलं असतात. पदवीचं माध्यम इंग्रजी. नवा शिक्षक यातून दोन टोकांना जातो. कोणी हट्टाने सगळं इंग्रजीतच बोलतो आणि मागचे तीन बाक गप्प होतात. कोणी सगळं कोंकणी-मराठीत समजावतो, वर्ग खूश असतो, आणि परीक्षेत मुलांना एक परिच्छेद इंग्रजीत लिहिता येत नाही, कारण त्यांनी तो विषय इंग्रजीत कधी तोंडातून काढलेलाच नसतो.

मधला रस्ता तीन पायऱ्यांचा आहे. समजा ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवायची आहे, म्हणजे एक पर्याय निवडल्यामुळे दुसऱ्यातून बुडालेला फायदा. संज्ञा फळ्यावर इंग्रजीत लिहा आणि एका वाक्याची व्याख्या इंग्रजीतच द्या. मग कोंकणीत किंवा मराठीत उदाहरण: कळंगुटला घराची खालची खोली आहे, ती पर्यटकांना भाड्याने देता येते, पण त्यात मुलाने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानाचा खरा खर्च मांडताना बुडालेलं भाडं धरायचं की नाही? इथे वर्ग बोलायला लागतो, हमखास वाद होतो, सीझनला भाडं किती आणि पावसात किती यावर मुलं शिक्षकाला शिकवतात. ते होऊ द्यावं. तिसरी पायरी बहुतेक जण वगळतात: वाद संपला की दोन मुलांना तेच इंग्रजीत, मोडक्या वाक्यात का होईना, सांगायला लावायचं आणि त्यांचंच वाक्य थोडं नीट करून फळ्यावर लिहायचं. वर्गाने ते उतरवून घेतलं की संकल्पना आणि तिची भाषा एकत्र हाती येतात. याला सहा-सात मिनिटं जास्त लागतात. प्रत्येक संकल्पनेला ती देता येत नाहीत, पण प्रत्येक तासातल्या एका संकल्पनेला देता येतात.

आयएसएकडेही तेवढंच लक्ष हवं. प्रश्न काढतानाच गुणांची फोड लिहावी. वरच्याच संकल्पनेवर पाच गुणांचा प्रश्न असेल तर व्याख्येला एक, स्पष्टीकरणाला दोन, उदाहरणाला दोन. वर्गातलंच खोलीचं उदाहरण जसंच्या तसं लिहिलं तर दोन द्यायचे की एक, हेही आधी ठरवून मुलांना सांगावं. प्रश्नात फक्त संज्ञा लिहून टीप लिहा म्हटलं तर पाठ केलेली टीपच येते. तपासायला बसल्यावर पहिल्या दहा उत्तरपत्रिका पेन्सिलने तपासाव्यात, मग पुन्हा पहिलीवर यावं. पहिल्या आणि दहाव्या पेपरात हात वेगळा पडलेला असतो, हे अनुभवी तपासनीसालाही चुकत नाही. तपासलेले पेपर आठवड्याभरात परत द्यावेत. पुढची आयएसए झाल्यावर मिळालेल्या जुन्या पेपराचा मुलाला काही उपयोग नसतो.

वर्गात दिव्यांग विद्यार्थी असेल तर परीक्षेत त्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळायला हवीत. सत्रपरीक्षेला हे परीक्षा विभाग पाहतो, पण वर्गात घेतलेल्या आयएसएला ते शिक्षकानेच लक्षात ठेवायचं असतं आणि नेमकं तिथेच राहून जातं. त्याच वर्गात लगेच पुढचा तास असेल तर दुसरी खोली आधीच मागून ठेवावी.

कोणी विद्यार्थिनी त्रासाबद्दल, छळाबद्दल सांगायला आली तर ऐकून घ्यावं आणि अंतर्गत तक्रार समितीकडे कसं जायचं ते सांगावं. स्वतः चौकशी करू नये, समोरच्या मुलाला बोलावून समेट घडवू नये. कायद्याने ते काम समितीचं आहे. समितीतल्या एका सदस्याचं नाव आणि खोली फाइलच्या पहिल्या पानावर असावी. रॅगिंगविरोधी समितीचंही तसंच.

पैशाचं बोलायला नवा माणूस संकोचतो, म्हणून ते विभागप्रमुखांनी आपणहून काढावं. यूजीसीने २०१९मध्ये अतिथी शिक्षकांसाठी लेक्चरला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी शिफारस केली, म्हणजे तेहतीस लेक्चरं झाली की मर्यादा जवळपास गाठली जाते. आपल्या कॉलेजात कुठला दर लागू आहे, प्रॅक्टिकलचा तास कसा मोजतात, सुपरव्हिजन आणि पेपर तपासणीचे वेगळे मिळतात का, हे नेमणूकपत्रात वाचावं आणि नसेल तर विचारावं. बिलाचा तक्ता महिनाअखेरीला आठवून भरू नये. तास संपला की तारीख, वेळ, वर्ग, कोर्स कोड आणि शिकवलेला मुद्दा लगेच लिहावा आणि आठवड्याला विभागप्रमुखांची सही घ्यावी. वेळापत्रकातला तास आणि बिलातला तास जुळला नाही की अख्खं बिल परत येतं. दुसऱ्याचा तास बदलून घेतला असेल तर ती अदलाबदल शेऱ्यात लिहावी. कर कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, कारण वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरण भरून ती रक्कम परत मिळते.

आणि बसायला जागा. ही मागणी क्षुल्लक वाटते, पण दोन तासांच्या मधे दीड तास रिकामा असलेला शिक्षक कँटीनमध्ये बसला तर मुलं शंका घेऊन त्याच्याकडे येत नाहीत. विभागात एक खुर्ची, कपाटाचा एक खण आणि दारावर आठवड्यातली एक ठरलेली वेळ, एवढं द्यायला खर्च येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात एखाद्या अनुभवी सहकाऱ्याने वर्गात मागे बसून वीस मिनिटं ऐकावं. मूल्यमापनाचा तक्ता घेऊन बसू नये. तासानंतर तीनच प्रश्न बोलावेत: मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचला का, फळा मागून वाचता आला का, आणि कुठल्या क्षणी मुलांनी लिहिणं थांबवलं. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण बहुतेक वेळा समजेनासं झालं तो क्षण तोच असतो. शिकवणाऱ्याला तो दिसत नाही, मागे बसलेल्याला दिसतो. नंतर नव्या शिक्षकानेही त्या सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसावं.

सत्र संपताना गुण पोर्टलवर चढवायची मुदत नेमणुकीच्या शेवटच्या तारखेनंतर येत असेल तर लॉगिन तोवर चालू राहील का, ते दोन आठवडे आधी विचारावं. पुढे येणाऱ्यासाठी एक पान लिहून फाइलमध्ये ठेवावं: कुठल्या युनिटाला खरोखर किती तास लागले, मुलं कुठे अडली, कुठली आयएसए जमली. मग अनुभवाचं प्रमाणपत्र. २०१८च्या नियमांप्रमाणे तात्पुरती सेवा बढतीसाठी धरायला पात्रता, रीतसर निवड समितीकडून नेमणूक आणि नियमित असिस्टंट प्रोफेसरच्या एकूण पगाराहून कमी नसलेलं वेतन लागतं, त्यामुळे लेक्चर बेसिसचे महिने तिथे सहसा मोजले जात नाहीत. हे त्या माणसाला रुजू होतानाच स्पष्ट सांगावं. तरीही पुढच्या मुलाखतींना प्रमाणपत्र लागतंच, आणि त्यात नुसतं या वर्षी शिकवलं एवढं लिहून चालत नाही. रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख, पेपरांची नावं, आठवड्याचे तास, नेमणूकपत्राचा क्रमांक आणि प्राचार्यांची शिक्क्यासह सही हवी. ते शेवटचं बिल देतानाच घ्यावं, कारण नव्या सत्रात विभागप्रमुख बदललेले असू शकतात आणि मस्टर रेकॉर्ड रूममध्ये गेलेलं असतं.